खवल्या मांजराच्या मागे मागे

— नाही नाही, पुढे नाही साहेब, मागे. तिच्या मागेच चालायचं. पुढे गेलात की ती थांबणार, थांबली की गोळा होणार, आणि एकदा गोळा झाली की मग बसा वाट बघत — कधी उघडेल ते तिचं तिला ठाऊक, तिच्यावर ना माझा हुकूम चालत ना डॉक्टरीणबाईंचा. हां, असे माझ्या अंगाशी या. आणि पाय जरा उचलून टाका, फरफटू नका. बूट सुंदर आहेत हो तुमचे, खोटं कशाला बोलू, असले चकचकीत बूट घालून खवल्या मांजराच्या मागे हिंडणारा माणूस मी तर पहिल्यांदाच बघतोय. माती लागेल त्यांना. लागली तर लागली म्हणता? मोठं मन आहे.

हेच काम माझं. हो, एवढंच. ती चालते, मी तिच्या मागे चालतो. हसा, हसा, माझी लेक पूर्वीसारखी असती तर तीही हसली असती — म्हणाली असती, बाबा, लोक गुरं चारतात, तुम्ही मांजर चारता. आता काय करणार, पिंजऱ्यात ताट वाढून ठेवलं तर ही खात नाही. उपाशी राहील, वाळेल, मरून जाईल, पण वाढलेलं खाणार नाही. स्वतः हुंगायचं, स्वतः उकरायचं, मग जीभ घालायची. भारी मानी. म्हणून ऊन उतरलं की बाई मला हाक मारतात, मी हिला कापडात गुंडाळून या माळावर आणतो, सोडतो, आणि पोट भरेपर्यंत मागे मागे फिरतो. माझ्याआधी कॉलेजातली दोन मुलं ठेवली होती या कामाला. एक कंटाळून गेला, आणि दुसरा मोबाइल बघत बघत चालायचा, तो एक दिवस खड्ड्यात गेला — खरोखरच्या खड्ड्यात, हिनेच उकरलेल्या. मग बाई म्हणाल्या, आजोबा, तुम्हालाच कुठे जायची घाई नसते, तुम्हीच करा. मला ती शाबासकी वाटली. अजून वाटते.

बघा, चालते कशी बघा. पुढची नखं मुडपून, मुठींवर, पाठ वाकवून — कुणाच्या घरी मयताला आल्यासारखी हळू, कुणाला धक्का नको, आवाज नको. आणि शेपटीच्या बुडाशी ते फिकट काय चिकटलंय, ते पिल्लू. इथेच, बाईंच्या या जनावरांच्या दवाखान्यात झालं. आईच्या शेपटीवर बसून येतं, शेपटीवर बसून जातं, अजून भाडं काही दिलं नाही. तुम्ही मघाशी ‘दोन?’ म्हणालात. ऐकलं मी. डोळे अधू झालेत, पण कान शाबूत आहेत. नाही हो, राग कसला, गंमत वाटली. इथे शाळेची पोरं येतात, नवराबायको येतात, पिल्लू दिसलं की म्हणतात ‘अय्या’, म्हणतात ‘अगं बघ, कसं घट्ट धरून बसलंय’. ‘दोन’ असं कुणी म्हणत नाही. आणि त्याच्याही आधी, मी हिला कापडातून सोडवली तेव्हा तुमचा पहिला प्रश्न काय, तर ‘वजन किती भरेल?’ लोक विचारतात, चावते का. मी सांगतो, दातच नाहीत हिला, कशानं चावणार. मग विचारतात, हात लावू का. वजन एकदा फक्त आमच्या गल्लीतल्या खाटकानं विचारलं होतं, पण तो बिचारा सवयीनं — तो स्वतःच्या नातवाचंही वजन डोळ्यांनीच करतो.

तुम्ही तर पेपरवाले ना? छान, छान. बाईंनी सांगितलं मला — आजोबा, पेपरातून आलेत, यांना सगळं नीट दाखवा. बाई हुशार आहेत, हाताला गुण आहे त्यांच्या, मेलेलं पाखरू उठवतील, पण छापून येणार म्हटलं की त्यांच्या डोक्यातला दिवा जरा मंद होतो. बरं, तुम्ही काही लिहून घेत नाही? लक्षात राहतं सगळं? वा. पेन नाही, कागद नाही, एक फोटो काढलात तोही हिचा नाही, पलीकडे कुंपण वाकलंय त्याचा काढलात. कुंपणावर लिहिणार असाल. लिहा, कुणीतरी लिहायलाच हवं, फार उपेक्षित विषय आहे.

थांबा. थांबली ती. श्श — हुंगतेय. मिळालं वाटतं काहीतरी. बसू या इथे, मला गुडघ्यांना जरा बरं पडतं. तुम्हीही बसा, दगड स्वच्छ आहे, म्हणजे तुमच्या पँटीला शोभेल एवढा नाही, पण आहे. बघा आता, नखं कशी चालतात — कुदळ बरी, कुदळीला धार लावावी लागते. आणि जीभ दिसली? दिसली न दिसली तोवर आत गेलीसुद्धा. मला इथे बसून तासन्‌तास बघायला आवडतं, काय आवडतं ते सांगता येणार नाही. माझी बायको जेवायची ना, तेव्हा अशीच खाली मान घालून, कुणाकडे न बघता —

काय म्हणालात? बाबा? बरं वाटलं ऐकून. फाटकापाशी मी ‘ए म्हाताऱ्या’ होतो, इथवर येता येता काका झालो, आता बाबा. आणखी थोडं चाललो असतो तर तीर्थरूप झालो असतो. बोला, बोला. इथे ऐकायला कुणी नाही, हिचे कान नावालाच आहेत आणि पिल्लू अजून लहान आहे.

हं.

हं. असं आहे होय.

मग आधीच सांगायचं ना हो, उगाच पेपराचा घोळ कशाला घातलात. आणि माझी खात्री करून घेऊ द्या, मी अडाणी माणूस, मला एकदा सांगून कळत नाही. तुम्ही शेठकडून आलात. शेठचं म्हणणं असं, की ही जनावरं माणसाच्या हातात जगतच नाहीत, सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा परवाच्या कोर्टाच्या तारखेआधी ही गेली तर कुणाच्या भुवया वर जायच्या नाहीत. मी सकाळी बाईंना सांगायचं, बाई, गेली हो आपली — आणि डोळे पुसायचे. पुरायचं काम माझ्याकडेच असतं, म्हणजे खड्ड्यात पाचोळा घालायचा आणि ही पोत्यात, पिल्लासकट, त्या वाकलेल्या कुंपणातून तुमच्याकडे. मग कोर्टात दाखवायला जनावरच उरलं नाही, की शेठचा वकील पुढचं बघून घेईल, आणि माझा जावई सुटून घरी येईल. आणि माझी लेक पुन्हा हसायला लागेल. बरोबर बोललो ना? सगळं आलं ना? — ते लेकीच्या हसण्याचं तुम्ही पदरचं घातलंत, की शेठनंच सांगितलं होतं? शेठनंच? बघा, आणि लोक उगाच बोलतात त्यांच्याबद्दल. इतका हळवा माणूस.

एक विचारू? नाही, मला आपलं कुतूहल. या खवल्यांचं करता काय एवढं? औषध. कशावर? सांधे, दूध उतरायला, पुरुषाला जोर यायला — सगळ्यावर एकच? बाई म्हणतात, खवलं म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपलं नख असतं ना, तेच. मी म्हटलं, बाई, मग मी आयुष्यभर औषध कापून केरात टाकत आलो की! तुम्ही शेठला माझा एक निरोप द्या. म्हणावं, म्हाताऱ्यानं दहा बोटांची आणि पायाचीही नखं वाढवायला घेतली आहेत, माल घरपोच मिळेल, पोतं आणायलाही नको. गुडघ्यांना गुण येतो का तेवढं आधी स्वतःवर करून बघा. माझे गुडघे तर बघताच आहात, नखं असून.

रागावलात? नका रागावू, माझी जीभ तेवढी तिखट आहे, बाकी माणूस मऊ आहे मी. लेकीला विचारा. लहानपणी मार खायची वेळ आली की आईपासून पळून माझ्या मागे लपायची, कारण मी मारत नाही हे तिला पक्कं ठाऊक.

आता जावईबापूंचं म्हणाल, तर पोरगा वाईट नाही. टेम्पो चालवतो, घरात पैसे देतो, लेकीवर हात उचलत नाही, माझ्याशी अहोजाहो बोलतो. फक्त एक आहे, त्याला कुणी चांगल्या कपड्यातल्या माणसानं खांद्यावर हात ठेवला की त्याचं डोकं जातं. शेठनं हात ठेवला. म्हणाले, अरे, तू आपला माणूस, एवढं पोतं ठेव चार दिवस घरात. आपला माणूस! गडी हरखून घरी आला, जशी काही सरकारी नोकरी लागली. त्याच्या घरात जनावर सापडलं, त्याला नेलं, आणि त्या दिवसापासून तो आत बसलाय. शेठचं नाव अजून काढलं नाही त्यानं, हे सांगा त्यांना, झोप लागेल. मी भेटायला गेलो की म्हणतो, मामा, शेठ सोडवतील. म्हटलं, सोडवतील हो. मी जातो, लेक जाते, शेठ तेवढे जायचे राहिलेत. कामात असतील. वकीलही पाठवलाय म्हणे, पण तो बहुधा फार बारीक असावा, अजून कुणाला दिसला नाही. आणि आज तुम्ही आलात, ते तिथे नाही, इथे — हिच्याकडे. तुम्हाला जावई सोडवायचाय की माल, असा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता. मला नाही पडला, मी अडाणी.

कसं पकडतात माहीत आहे ना हिला? तुम्हाला काय सांगायचं म्हणा. वाघ आला तरी ही पळत नाही, गोळा होते. वाघ लोळवतो, चाटतो, दात लावून बघतो, कंटाळतो आणि जातो. आयुष्यभर हीच एक विद्या शिकली ही. माणूस आला की तेच करते — आणि माणूस उलगडायच्या भानगडीतच पडत नाही, आयती गुंडाळी करून दिल्यासारखी उचलतो आणि पोत्यात टाकतो. इतकं सोपं आहे हो, की त्यात मर्दुमकी काही नाही. पडलेलं फळ उचलावं तसं. आणि वर मिशीला पीळ.

लेकीच्या मोरीत होती ती. निळ्या ड्रममध्ये, वर फळी आणि फळीवर पाट्याचा दगड. मी तेव्हा इथे नुसती झाडलोट करायचो, पाखरांना पाणी ठेवायचो. कधी नव्हे तो दुपारी लेकीकडे गेलो, तर ती मला बसूच देईना. बाबा, इकडे या, बाबा, इकडे या — हाताला धरून मोरीत नेलं, फळी सरकवली. तळाशी हा गोळा. आणि गोळ्याजवळ काय, तर वाटीत दूध. साय धरलेलं. मी विचारलं, हे कशाला गं? तर म्हणाली, ते म्हणाले खवल्या मांजर आहे, मांजर म्हटल्यावर मी दूध ठेवलं, काल मासळीही ठेवली, शिवतसुद्धा नाही हो. आणि अंगावर हिच्या काय, तर लेकीची शाल. तिचीच, चांगली, बाहेर जायची. गारठलंय बिचारं, म्हणाली. हसावं की रडावं सांगा मला तुम्ही. नवरा विकायला घेऊन आलाय, आणि बायको त्याला शाल पांघरतेय. मला म्हणाली, बाबा, तुम्हाला जनावरांतलं कळतं, हे मरेल का हो? घरात जीव जायला नको, तुम्ही बघा ना काहीतरी. मी त्या ड्रममध्ये हात घातला. खवले गार होते, पण आत, पोटाशी, ऊब होती आणि काहीतरी हलत होतं, तिच्यापेक्षा वेगळं. मी म्हटलं, पोरी, तू वाटी उचल, मी बघतो. आणि तसाच उठलो, चहासुद्धा न घेता सरळ इथे आलो आणि बाईंना —

नाही.

काही नाही. बाईंना विचारलं, खवल्या मांजर खातं काय. एवढंच. दूध चालतं का म्हणून. मग बाईंनी सांगितलं, मुंग्या, वाळवी — ती बघा, जागा बदलली तिनं, पलीकडे चालली. मुंग्या संपल्या असतील तिथल्या. उठायला हवं. जरा हात द्या, गुडघे — नको, राहू द्या, उठतो मी.

हसताय तुम्ही. मला दिसत नाही नीट, पण गालात हसणाऱ्याचा श्वास वेगळा येतो.

बरं. मीच कळवलं. झालं समाधान? बाईंना सांगितलं, बाईंनी जंगलखात्याच्या साहेबांना, आणि संध्याकाळी त्यांची गाडी लेकीच्या दारात. मला वाटलं होतं जनावर घेतील आणि जातील. तुम्हाला शपथेवर सांगतो, मला वाटलं होतं, जनावर घेतील, रागावतील दोन शब्द आणि जातील. शेठ आणि जावई यांत पोतं ज्याच्या घरात सापडतं तो चोर, हा कायदा मला माहीत नव्हता. आता माहीत झाला. म्हातारपणीही माणूस शिकतो.

लेकीला नाही माहीत. तिला वाटतं, कुणीतरी जळक्यानं चुगली केली. डबा घेऊन येते ना माझा रोज, मी जेवायला बसतो, ती समोर बसते, आणि सुरू होते — बाबा, ज्यानं कुणी कळवलं असेल ना, त्याच्या हाताला किडे पडतील बघा, त्याला पाणी पाजायला कुणी उरणार नाही. असं म्हणते आणि माझ्या भांड्यात पाणी ओतते. मी काय म्हणणार? म्हणतो, हो गं, पडतील. असेल कुणीतरी मेला नतद्रष्ट. मग तिला जरा बरं वाटतं, अजून एक घास वाढते. तुम्ही कधी असं जेवला आहात का? पचतं हो, न पचून करतं काय. पण चव म्हणून राहत नाही.

आता नवं काय काढलंत? हं. म्हणजे आता तुम्हाला मला काही द्यायचं नाही, फक्त गप्प बसायचंय. ही मेली तर तुम्ही गप्प, ही जगली तर तुम्ही इथून उठून थेट लेकीकडे, आणि तिला सांगणार — बाई गं, तुझ्या नवऱ्याला तुझ्याच बापानं आत घातलं. छान. झटपट आहे हो तुमचं काम. आल्यापासून मी बोलतोय बडबड्यासारखा आणि तुम्ही नुसते ‘हं, हं’ करत बसलात, मला वाटलं, बरा ऐकणारा भेटला. लेक पूर्वी ऐकायची, आता तिच्याशी बोलताना शब्द तोलून टाकावे लागतात. मग कुणी समोर बसलं की तोंड सुटतं माझं. तुम्हाला खोदावंसुद्धा लागलं नाही. शेठ खूश होतील.

थांबा, मला विचार करू द्या. मी सावकाश करतो विचार, तेवढं सांभाळून घ्या.

लेकीचं घर इथून लांब नाही. मी आत्ता निघालो, पळालो — मी पळालो म्हणजे तुमच्या चालण्याइतकं — तरी तुमची गाडी आधी पोचणार. बाईंना हाक मारली तर ऐकू जाणार नाही, आणि या माळावर दुसरं कुणी नाही. हिला उचलून निघावं म्हटलं, तर आत्ता कुठे खायला लागलीय, अर्ध्यात उचलली तर गोळा होईल आणि मग दोन-दोन दिवस तोंड उघडत नाही, पिल्लाचं दूध आटतं. आणि सोडून गेलो तर उकरून जमिनीत जाईल, ही आत आणि पिल्लू बाहेर. एकदा झालंय तसं. पिल्लू ओरडत नाही हो त्यांचं, नुसतं बसून राहतं.

तेव्हा तुम्ही जा.

खरंच जा. हिला हात लावायचं मनात आलं असेल तर तेही करून बघा, पण फाटकावर दोघं आहेत, ते येणाऱ्याला विचारत नाहीत, जाणाऱ्याची पिशवी उघडतात. आणि बाईंना मी सांगणार आहेच, पेपर कुठला, शेठ कुठला, सगळं. परवा कोर्टातही सांगेन, कुणी विचारलं तर, न विचारलं तरी. जावई रागावेल. रागावू दे. बाहेर आला की रागावेल ना, आत बसून कुणावर रागावणार.

लेकीला तुमच्याकडून कळेल. माझ्याकडून कळायला हवं होतं. रोज डबा उघडला की वाटायचं, आज सांगू, आणि मग भाजीत मीठ बरोबर आहे एवढंच सांगायचो. आता ती उद्या डबा घेऊन येईल की नाही, मला ठाऊक नाही. नाही आली तर मी समजेन. ही जेवली, पिंजऱ्यात ठेवली, दार लावलं, की मी जाणारच आहे तिच्याकडे. उघडलं तर उघडलं. नाही उघडलं तर पायरीवर बसेन, मला कुठे जायची घाई नसते.

निघालात? अहो, तिकडून नाही, वारूळ तुडवाल, या अंगानं जा. हं, असे. आणि साहेब — दार जोरात वाजवू नका तिचं. गाडी येऊन गेली त्या दिवसापासून दार वाजलं की दचकते ती. बोटानं वाजवा, हळू. ऐकू येतं तिला.

जा आता.